शंभरी ओलांडल्यावर ट्रम्पेट वाजवता येतो तो कसा?

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरातले लायनेल फर्बोस १७ जुलै १९११ ला जन्मले आणि १९ जुलै २०१४ ला, एकशे तिसरा वाढदिवस होऊन दोन दिवस झाल्यावर वारले. शंभरी गाठणारी माणसं हल्ली आपल्याही नात्यागोत्यात निघतात, तेव्हा वयाचं तेवढं अप्रूप नको. अप्रूप याचं की शंभरी ओलांडल्यावरसुद्धा हे गृहस्थ डेकेटर स्ट्रीटवरच्या पाम कोर्ट जॅझ कॅफेत बँड घेऊन ट्रम्पेट वाजवत होते. पाहुणा कलाकार म्हणून एखादं गाणं वाजवून हारतुरे घ्यायचे, असा मामला नव्हता. ठरलेली हजेरी होती.

हे वाचून पहिली शंका येते ती दमाची. लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट वाजवणारा पोरगा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पंचविशीतला गडी, पण दोन गाण्यांत मानेच्या शिरा टरारून फुगतात, चेहरा लालबुंद होतो आणि तिसऱ्या गाण्याला तो हळूच बाजूला होऊन पाणी मागतो. मग शंभराव्या वर्षी हे कसं जमावं? एकाची देवदत्त देणगी म्हणून विषय सोडून देता आला असता. पण पर्सी हम्फ्री, त्यांचे क्लॅरिनेट वाजवणारे थोरले भाऊ विली, किड थॉमस व्हॅलेंटाइन, असे नव्वदीच्या आसपास पोचेपर्यंत वाजवणारे त्या गावात बरेच होते. एकाच गावात इतकी माणसं टिकतात, तेव्हा कारण त्या गावात आणि तिथल्या संगीतात शोधावं लागतं.

'पारंपरिक जॅझ' म्हणजे नेमकं काय?

जॅझ आकाराला आला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्त्यांत. चर्चमधली गाणी, ब्लूज म्हणजे काळ्या लोकांची सुखदुःखाची गाणी, रॅगटाइम म्हणजे तुटक ठेक्याचं पियानोसंगीत आणि लष्करी थाटाचे ब्रास बँड, असं सगळं त्यात मिसळलेलं. (जॅझची पहिली तबकडी १९१७ ची, ती मात्र गोऱ्या वादकांच्या बँडची निघाली. हा कडवट भाग कुठल्याही इतिहासात टाळता येत नाही.) पुढे १९३० च्या दशकात मोठमोठ्या बँडांचा स्विंग आला, १९४० च्या दशकात बीबॉप आला. बीबॉप म्हणजे अतिवेगवान, गुंतागुंतीचा, बसून कान देऊन ऐकायचा जॅझ. या लाटा आल्यावर मूळच्या न्यू ऑर्लिन्स पद्धतीला वेगळं नाव हवं झालं आणि ती 'पारंपरिक' ठरली.

या पद्धतीत कामं वाटून दिलेली असतात. ट्रम्पेट किंवा त्याचा आखूड भाऊ कॉर्नेट गाण्याची चाल धरतो. क्लॅरिनेट त्या चालीच्या वरून वेलबुट्टी काढतं. ट्रॉम्बोन खालून सूर ओढत, घसरवत मोकळ्या जागा भरतो. बँजो किंवा पियानो, बास आणि ड्रम लय सांभाळतात. हे सगळे एकाच वेळी वाजतात आणि त्यांचं बरंचसं वादन त्या क्षणी सुचलेलं असतं. आपल्या भजनी मंडळात बुवा अभंगाची ओळ धरतात, मागचे ती उचलतात, पखवाजवाला मध्येच आपली करामत दाखवतो, तसं काहीसं. बुवांचा आवाज थकला तरी मंडळ ओळ खाली पडू देत नाही.

दीर्घ कारकिर्दीचं निम्मं गुपित या रचनेत आहे. बीबॉपच्या ट्रम्पेटवादकाला एकट्याने, वरच्या पट्टीत, भन्नाट वेगात पाच-पाच मिनिटं वाजवून दाखवावं लागतं. पारंपरिक बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याचं मुख्य काम चाल ठसठशीत मांडणं. ती मधल्या सप्तकात असते आणि तिच्या ओळी छोट्या असतात, त्यामुळे श्वास घ्यायला जागोजागी उसंत मिळते. वेलबुट्टी क्लॅरिनेटकडे सोपवलेलीच आहे. कोणाला तरी पंधरा-वीस सूर धावत वाजवायला हवेत, पण ते ट्रम्पेटनेच वाजवावेत असा हट्ट या संगीतात नाही.

दम फुफ्फुसाचा की ओठांचा?

ट्रम्पेट ही साधारण १.४ मीटर लांबीची, गुंडाळलेली पितळी नळी. तिला तीन कळा. नुसती फुंकर मारली तर हवेच्या सुस्काऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. आवाज करतात ते ओठ. ओठ घट्ट मिटून, मधल्या बारीक फटीतून हवा सोडून ते थरथरवायचे. नळी त्या थरथरीला सूर देते. ऑर्केस्ट्रा ज्या सुरावर जुळवतात तो ४४० हर्ट्झचा 'ए' वाजवायचा तर ओठ सेकंदाला ४४० वेळा उघडझाप करतात. त्याच्या वरच्या सप्तकातला 'ए' हवा तर ८८० वेळा. आणि ही सगळी कसरत जेमतेम १६-१७ मिलिमीटर रुंदीच्या वाटीत चालते. तोंडाला लागणारा ट्रम्पेटचा हा भाग म्हणजे माउथपीस.

लोकांना वाटतं तसा ट्रम्पेट खूप हवा खात नाही. खूप हवा खातो तो ट्यूबा, ते अंगाभोवती गुंडाळायचं धूड. ट्रम्पेटला हवा थोडीच लागते, पण दाबाने. तिशीनंतर माणसाची फुफ्फुसं हळूहळू ढिली पडत जातात हे खरं, पण मधल्या पट्टीत छोट्या ओळी वाजवणाऱ्याला त्याचा फटका आपण समजतो त्याहून कमी बसतो. तो एका ओळीत एकाऐवजी दोनदा श्वास घेतो, बस.

खरी नाजूक वस्तू म्हणजे ओठांभोवतीचे स्नायू. ते कसे जुळवून धरायचे या बैठकीला वादक आंबुशर म्हणतात. ही बैठक रोजच्या रियाजाने टिकते आणि जबरदस्तीने मोडते. वरचा सूर निघत नसला की वादक माउथपीस ओठावर दाबतो. ओठातलं रक्त थांबतं, सूज येते, कधी ओठ फाटतो. वरातीतल्या त्या पोराचा लालबुंद चेहरा याच दाबाचा असतो; जनरेटर, फटाके आणि डीजेच्या भिंतीपुढे त्याला ऐकू जायचंय, बिचारा करेल काय! लुई आर्मस्ट्राँग यांच्यासारख्या, जॅझमधल्या सगळ्यात नावाजलेल्या ट्रम्पेटवादकालाही ओठांनी दगा दिल्यामुळे १९३० च्या दशकात काही काळ ट्रम्पेट खाली ठेवावा लागला होता.

दात गेले की कारकीर्द गेली

माउथपीस ओठावर टेकतो आणि ओठ दातांवर. त्यामुळे पुढचे दात हा या धंद्यातला पाया समजायचा.

आर्मस्ट्राँग ज्यांना गुरू मानत ते किंग ऑलिव्हर १९२० च्या दशकात शिकागो गाजवत होते. हिरड्यांच्या दुखण्याने त्यांचं वादन संपलं. पुढे पैसा गेला, बँड गेला, आणि अखेरीला जॉर्जियातल्या सव्हाना गावात एका बिलियर्ड हॉलमध्ये झाडलोट करत त्यांनी दिवस काढले. १९३८ मध्ये ते गेले. एके काळच्या 'राजा'ची ही गत.

बंक जॉन्सन यांचं नशीब उलट्या दिशेने फिरलं. १९३१ मध्ये लुइझियानातल्या रेन गावात कार्यक्रम चालू असताना त्यांच्या बँडच्या म्होरक्याचा खून झाला आणि त्या हाणामारीत बंक यांच्या वाद्याची वाट लागली. दातही गेले. न्यू आयबेरिया नावाच्या गावात ते मिळेल ती कामं करून राहत होते. जुन्या जॅझचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांनी त्यांना गाठलं, तेव्हा त्यांचं म्हणणं साधं होतं: दात आणि वाद्य द्या, वाजवतो. लोकांनी वर्गणी काढली. कवळी बसवली लेनर्ड बेशे या दंतवैद्यांनी, म्हणजे सुप्रसिद्ध क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवादक सिडनी बेशे यांच्या भावाने. १९४२ मध्ये बंक यांची पहिली ध्वनिमुद्रणं झाली आणि पारंपरिक जॅझच्या पुनरुज्जीवनाला त्यांचा चेहरा मिळाला. स्वतःचं जन्मसाल ते १८७९ सांगत. अभ्यासकांच्या मते दहा वर्षं वाढवून. इतर धंद्यांत लोक वय लपवतात, इथे ते फुगवण्यात फायदा होता.

फर्बोस यांची वाट: पत्रा आणि पाटी

आता फर्बोस. क्रिओल कुटुंबातला मुलगा; क्रिओल म्हणजे फ्रेंच-आफ्रिकी मिश्र वंशाचा, न्यू ऑर्लिन्समधला जुना कारागीर समाज. लहानपणी दमा. आईवडिलांनी फुंकवाद्याला साफ नकार दिला. पोरसवदा वयात त्यांनी ऑर्फियम थिएटरात मुलींचा ऑर्केस्ट्रा पाहिला आणि घरी येऊन वाद घातला की मुली वाजवतात तर मी का नाही. मग रॅम्पार्ट स्ट्रीटवरच्या गहाणवटीच्या दुकानातून एक कॉर्नेट आला. दम्याच्या पोराने पुढे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं फुंकवाद्य वाजवलं, यावर दम्याच्या डॉक्टरांनी काय ते बोलावं.

पण त्यांचं पोट त्या वाद्यावर नव्हतं. ते पत्र्याचं काम करत. वडिलोपार्जित कसब. १९३० च्या मंदीत सरकारी रोजगार योजनेत त्यांनी आधी सिटी पार्कमध्ये मजुरी केली आणि मग त्याच योजनेच्या जॅझ बँडमध्ये शिरले. हे न्यू ऑर्लिन्सचं सर्वसाधारण चित्र होतं: जॉर्ज लुइस हे जगभर नावाजलेले क्लॅरिनेटवादक बंदरावर हमाली करत. आपल्याला हे करुण वाटतं आणि त्यात अन्यायही भरपूर होता. गोऱ्या आणि काळ्या वादकांच्या संघटना १९६९ पर्यंत वेगळ्या होत्या. लुइझियानात १९५६ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र कार्यक्रमांवर कायद्याने बंदी आली, तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी आपल्या जन्मगावी वाजवायचं कित्येक वर्षं टाळलं होतं.

मला मात्र वाटतं की पत्र्याच्या कामाने फर्बोस यांचे ओठ वाचवले. पोटासाठी रोज रात्री चार-चार ठिकाणी वाजवायची वेळ त्यांच्यावर आली नाही. दौऱ्यांच्या बसमध्ये झोप, कुठलंही खाणं, दारू, ज्यांनी त्यांच्या पिढीतले अनेक चांगले वादक पन्नाशीच्या आत संपवले, त्यातलं बरंचसं टळलं. घर एकच, गाव एकच. १९३४ मध्ये लग्न झालं ते पाऊणशे वर्षं टिकलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ते वाचणारे वादक होते. न्यू ऑर्लिन्समध्ये वादकांचे दोन तट पडत: रीडर म्हणजे समोरची स्वरलिपी वाचून वाजवणारे, आणि फेकर म्हणजे कानावर विसंबणारे. फर्बोस रीडर. लांबलचक सोलो रंगवणारे म्हणून त्यांची ख्याती नव्हती. चाल स्वच्छ, लिहिलंय तशी वाजवणारे म्हणून होती. तरुणपणी ही मर्यादा वाटली असेल. पण १९७० च्या सुमाराला जुन्या रॅगटाइमच्या छापील वह्या पुन्हा वाजवायची टूम निघाली, तेव्हा न्यू ऑर्लिन्स रॅगटाइम ऑर्केस्ट्राला नेमका असाच माणूस हवा होता. साठीला आलेले फर्बोस त्या ऑर्केस्ट्रात गेले. पाम कोर्ट कॅफे तर १९८९ मध्ये उघडला, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं, ते सगळं निवृत्तीच्या वयानंतरचं.

"म्हणजे लोक वयाला टाळ्या वाजवतात!"

हा आक्षेप रास्त आहे. १९६१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सेंट पीटर स्ट्रीटवर प्रिझर्व्हेशन हॉल सुरू झाला. अंधारं, कळकट दालन, दारू नाही, बसायला बाकडी आणि जमीन. तिथे म्हाताऱ्या वादकांना रोज काम मिळू लागलं. पियानोवादक स्वीट एमा बॅरेट १९६७ मध्ये पक्षाघाताने डावा हात गेल्यावर उजव्या हाताने वाजवत राहिल्या. अशा वेळी टाळ्या नेमक्या कशाला पडतात, हे श्रोत्यालाही सांगता यायचं नाही. बंक जॉन्सन यांच्या काही ध्वनिमुद्रणांत सूर सरळसरळ फाटलेत आणि त्यालाच 'अस्सलपणा' म्हणणारे भाविक मला पटत नाहीत.

पण याच आक्षेपाला खणखणीत उत्तर देणारा माणूसही आहे. डॉक चीटम. जन्म १९०५, नॅशव्हिलचा. तिथल्या मेहॅरी मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या बँडमध्ये वाजवायचे, म्हणून 'डॉक'. १९२६ मध्ये शिकागोत आर्मस्ट्राँग यांना रजा हवी होती, तेव्हा व्हेंडोम थिएटरात त्यांच्या जागी चीटम यांना बसवलं. सोलोसाठी ते उठले, प्रेक्षक आर्मस्ट्राँग समजून ओरडले, आणि चेहरा दिसल्यावर एकदम गप्प झाले. ही गोष्ट चीटम स्वतः रंगवून सांगत. शिकागोतच किंग ऑलिव्हर यांनी त्यांना एक तांब्याचं म्यूट दिलं, म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडात बसवून आवाज दबका करायचं बोंडूक. ते त्यांनी जन्मभर वापरलं.

चीटम यांनी पुढची चाळीस वर्षं मोठ्या बँडांत, कॅब कॅलोवेपासून लॅटिन नाचगाण्याच्या बँडपर्यंत, मुख्य ट्रम्पेटवाला म्हणून काढली. म्हणजे सगळ्यांना सुरात ठेवणारा, स्वतः फारसा सोलो न घेणारा माणूस. आणि पासष्टीच्या पुढे त्यांनी स्वतःची शिकवणी सुरू केली. आपलं वादन टेप करायचे, निर्दयपणे ऐकायचे आणि जिथे जिथे सवयीची घासलेली जागा सापडेल ती काढून टाकायचे. १९७७ मध्ये पॅरिसच्या स्टुडिओत माइक तपासताना सहज गुणगुणले. टेप चालू होती, ते तसंच तबकडीवर आलं आणि बहात्तरीला आलेल्या या माणसाची गायक म्हणूनही कारकीर्द सुरू झाली. न्यू यॉर्कच्या स्वीट बेझिल क्लबमध्ये १९८० पासून दर रविवारी दुपारी ते वाजवत, ट्रम्पेट छताकडे रोखून, कोपरं बाहेर काढून. १९९६ मध्ये, एक्याण्णवव्या वर्षी, तेविशीच्या आसपासच्या निकोलस पेटन या ट्रम्पेटवादकासोबत त्यांनी एक अल्बम केला. त्यातल्या एका गाण्यातल्या सोलोसाठी १९९८ चं ग्रॅमी या दोघांना मिळालं. ते पाहायला चीटम नव्हते. २ जून १९९७ रोजी, ब्याण्णव पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी असताना, वॉशिंग्टनमधले कार्यक्रम आटोपल्यावर ते गेले.

"आयुष्यभर तीच तीच गाणी. कंटाळा येत नाही?"

येतो! प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये फर्माइशींचा दर लिहिलेली एक पाटी होती. पारंपरिक गाणं एक डॉलर. इतर दोन डॉलर. आणि ज्याची फर्माइश प्रत्येक पर्यटक करतो ते 'सेंट्स'चं, म्हणजे 'व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन' हे गाणं पाच डॉलर. पुढे तो दर आणखी चढला. कंटाळ्याचा इतका प्रामाणिक हिशेब दुसऱ्या कुठल्या सभागृहात भिंतीवर लागलेला मला माहीत नाही.

कंटाळा असूनही चालतं याचं कारण असं की गाणं तेच असलं तरी त्याची फेरी रोज वेगळी वाजते. गाण्याच्या एका पूर्ण आवर्तनाला कोरस म्हणतात. पहिल्या कोरसात सगळे मिळून चाल मांडतात, मग एकेक जण आपला कोरस घेतो, शेवटी पुन्हा सगळे एकत्र. समोर क्लॅरिनेटवाला बदलला की ट्रम्पेटने कुठे थांबायचं ते बदलतं. आणि ओळखीचं गाणं म्हाताऱ्या वादकाला सोयीचंही असतं. नवं पाठ करायचा ताण नाही. हातांना आणि ओठांना वाट माहीत असते, डोकं ऐकायला मोकळं राहतं. ज्यांना रोज नवं हवं त्यांच्यासाठी जॅझमध्ये इतर दालनं आहेत, तिथे जावं.

"आपल्याकडेही वयोवृद्ध कलावंत आहेतच की"

आहेत. कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीतले उस्ताद अब्दुल रशीद खान १०७ व्या वर्षी, २०१६ मध्ये गेले, आणि शंभरीनंतरही ते मैफली करत. मागे बसलेले शिष्य आलाप उचलतात, तिथेही गाणाऱ्याला टेकायला जागा असते.

जॅझची आपली गोष्ट मात्र मुंबई आणि गोव्याची आहे. ज्या व्हेंडोम थिएटरच्या ऑर्केस्ट्रात चीटम बदली म्हणून बसले, त्याच ऑर्केस्ट्राचा पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९२६ मध्ये पूर्वेकडे निघाला, पुढे मुंबईच्या ताजमध्ये वाजवू लागला आणि १९४५ मध्ये कोलकात्यात वारला. या अमेरिकी वादकांना ऐकून, त्यांच्या शेजारी बसून मुंबईतले गोवेकर जॅझ शिकले. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' नावाने ट्रम्पेट वाजवत आणि त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ही माणसं लहानपणी गावच्या चर्चच्या संगीतशाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेली, म्हणजे फर्बोस यांच्याच जातीची रीडर. म्हणून हॉटेलांतलं काम आटलं तेव्हा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंनी त्यांना सामावून घेतलं. चिक यांनी सी. रामचंद्रांबरोबर काम केलं. रोजगार टिकला, पण स्टुडिओत वादकाचं नाव तबकडीवर येत नसे. चिक १९६७ मध्ये, पन्नाशी ओलांडता ओलांडता गेले. म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याला दर आठवड्याला स्वतःच्या नावाने बसता येईल असं एखादं पाम कोर्ट मुंबईत त्या पिढीला लाभलं नाही.

ऐकायची इच्छा झालीच तर चीटम आणि पेटन यांच्या त्या अल्बमपासून सुरुवात करा. दोन्ही ट्रम्पेट, त्यामुळे पहिल्यांदा कोण कुठला ते कळत नाही. एक खूण सांगतो: जो कमी सूर वाजवतोय आणि ओळ संपल्यावर थोडा जास्त वेळ थांबतोय, तो बहुतेक वेळा एक्याण्णव वर्षांचा आहे.